केबलवाल्यांवर नगरपालिकेचा हात कुठपर्यंत पोचतो?

प्रश्न खानदेशातल्या एका 'ब' वर्ग नगरपालिकेच्या नगरसेवकांचा आहे. सर्वसाधारण सभेपुढे येणाऱ्या ठरावात चार गोष्टी आहेत. केबलवाल्यांनी पालिकेचा परवाना घ्यावा. जोडणीमागे महिन्याला पाच रुपये पालिकेत भरावेत. ग्राहकांकडून घ्यायचा दर पालिका ठरवील. आणि न ऐकणाऱ्याच्या वायरी तोडाव्यात. गावभर वायरींची जाळी लोंबतायत, लोकांची ओरड खरी आहे. हा ठराव टिकेल का?

पहिल्या तीन गोष्टी टिकणार नाहीत. चौथी टिकू शकते, पण ज्या भाषेत लिहिली आहे त्या भाषेत नाही. असा ठराव झाला आणि कुणी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तर नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबते आणि पुढचं वर्षभर त्या विषयाला कोणी हात लावत नाही. वायरी तिथेच लोंबत राहतात. म्हणून पालिकेने आपला जोर खांब आणि रस्ता या दोनच गोष्टींवर लावावा. तिथे तिचा अधिकार पक्का आहे, आणि लोकांची तक्रारही मुळात तिथलीच आहे.

आधी परवाना. केबल टीव्हीचा धंदा केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) अधिनियम, १९९५ खाली चालतो आणि नोंदणी केंद्राच्या हातात आहे. गल्लीतल्या केबलवाल्याची, म्हणजे कागदोपत्री 'स्थानिक केबल ऑपरेटर'ची नोंदणी वर्षानुवर्षं मुख्य टपाल कार्यालयात व्हायची. फी ५०० रुपये, मुदत एक वर्ष. १७ जानेवारी २०२५ पासून ते बंद झालं. आता नोंदणी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या 'ब्रॉडकास्ट सेवा' पोर्टलवर ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये, मुदत पाच वर्षं, आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ९० दिवस आधी करायचा. केबलवाल्याच्या वर सिग्नल पुरवणारा 'एमएसओ' (मल्टी सिस्टम ऑपरेटर) असतो, त्याची नोंदणी थेट मंत्रालयात, दहा वर्षांची.

त्यामुळे पालिकेने वेगळा 'केबल परवाना' काढायचं कारण नाही. पण वायर टाकण्याच्या अर्जासोबत या नोंदणीची प्रत मागणं पूर्ण रास्त आहे, आणि ती मागाच. अजून टपाल खात्याचा जुना कागद दाखवणारे भेटतील. त्यावरची मुदत बघा. नोंदणी संपलेली असेल तर वायर टाकायची परवानगी थांबवा आणि प्रांताधिकाऱ्यांना पत्र द्या. यंत्रसामग्री जप्त करायला स्वतः जाऊ नका. तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांचा आणि सरकारने राजपत्रात नेमलेल्या अधिकाऱ्याचा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी पोलीस आयुक्तालय नाही, अधीक्षक आहेत. म्हणजे आपल्याकडे व्यवहारात विषय कलेक्टर आणि प्रांत यांच्यापाशीच जातो. मुख्याधिकारी त्या यादीत नाहीत.

जोडणीमागे पाच रुपये. ही कल्पना जुन्या करमणूक शुल्कावरून आलेली दिसते. १ जुलै २०१७ पर्यंत महाराष्ट्रात केबलच्या प्रत्येक जोडणीवर दरमहा शुल्क होतं: महापालिका हद्दीत ४५ रुपये, 'अ' आणि 'ब' वर्ग नगरपालिकांत ३०, बाकी ठिकाणी १५. ते कलेक्टर कचेरीतल्या करमणूक कर शाखेत भरलं जायचं, पालिकेत नाही. जीएसटी आल्यावर ते त्यात गेलं. आज बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. १०१ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना करमणुकीवर कर बसवण्याची वाट ठेवली आहे हे खरं, पण ती वाट कायद्यातून आणि नियमांतून जाते. कर बसवायचा तर अधिनियमात त्याला आधार लागतो, नियम करावे लागतात, ते प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, मग मंजुरी. सभेत हात वर करून कर बसत नाही. 'फी' म्हणाल तर फीच्या बदल्यात पालिका काय सेवा देते ते दाखवावं लागेल, आणि पडद्यावर दिसणाऱ्या चॅनेलशी पालिकेचा काही संबंध नाही. पैसे घ्यायचेत तर जागेच्या आणि खोदकामाच्या नावाने घ्या. त्याचं पुढे येतंच आहे.

दर ठरवण्याचा विषय दोन वाक्यांत संपतो. तो ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा प्रांत आहे. २०१९ पासून नेटवर्क क्षमता शुल्कावर (चॅनेल घरापर्यंत पोचवण्याच्या मासिक आकारावर) १३० रुपयांची मर्यादा होती, ती जुलै २०२४ च्या दुरुस्तीत काढली. आता ऑपरेटर ते स्वतः ठरवतो, फक्त आधी जाहीर करावं लागतं. दरांत पालिकेला जागा नाही. ग्राहकाची तक्रार असेल तर आधी एमएसओच्या ग्राहक सेवेत नोंदवून तक्रार क्रमांक घ्यायचा, मग त्यांचा नोडल अधिकारी, आणि तरीही नाही सुटली तर जिल्हा ग्राहक आयोग. पावती मिळत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त असते आणि तिथेच ग्राहक अडकतो, कारण आयोगापुढे दाखवायला काहीच नसतं. पालिकेला काही करायचंच असेल तर ही वाट सूचनाफलकावर लावावी.

आता मुद्द्याचं. २०११ च्या दुरुस्तीने १९९५ च्या कायद्यात कलम ४ब आलं. सभेला जाण्यापूर्वी हे कलम काढून वाचा. त्यानुसार केबल ऑपरेटरला सार्वजनिक प्राधिकरणाच्या जागेवरून, जागेखालून केबल टाकता येते, खांब उभारता येतात. पण अर्ज करून, परवानगी घेऊन. प्राधिकरण परवानगी देताना खर्चाची भरपाई, कामाची वेळ, कामाची पद्धत याबद्दल वाजवी अटी घालू शकतं. ऑपरेटरला फक्त वापराचा हक्क मिळतो, जागेवर मालकी येत नाही. आणि पुढे पालिकेला गरज पडली, गटार रुंद करायचंय, रस्ता काँक्रीटचा करायचाय, तर केबल हलवायला सांगता येतं. तुमच्या ठरावाचा पाया हे कलम आणि १९६५ च्या अधिनियमातल्या अतिक्रमणाच्या तरतुदी. महापालिकेला १९४९ चा महापालिका अधिनियम, ग्रामपंचायतीला १९५८ च्या अधिनियमाचं कलम ५३.

पण त्याआधी एक प्रश्न विचारा: खांब कुणाचा? इथे बहुतेक पालिका चुकतात. लहान शहरांत दिवाबत्तीचे दिवे पालिकेचे, पण ज्या खांबावर ते लावलेत तो खांब महावितरणचा. दिव्याचं बिल आपण भरतो म्हणून खांब आपला होत नाही. महावितरणच्या खांबावर केबल टाकायची परवानगी पालिका देऊ शकत नाही आणि त्याचं भाडंही घेऊ शकत नाही. ते पत्र महावितरणच्या स्थानिक उपविभागाच्या नावे काढा, प्रत कार्यकारी अभियंत्यांना. रस्त्यांचंही तसंच. गावातून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो, महामार्ग ५३ लगतचा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, खेड्याकडे जाणारा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, पाटाची जागा तापी पाटबंधारे महामंडळाकडे. रेल्वे ओलांडायची तर भुसावळ विभागाची परवानगी. उधना–जळगाव मार्गावर मात्र पश्चिम रेल्वेला विचारावं लागतं. सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्राणी–अक्कलकुव्याकडे, वन विभाग आणि पेसा (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) खालची ग्रामसभा दोन्ही येतात.

म्हणून पहिलं काम पाहणीचं. प्रभागनिहाय दोन माणसं, एक वही, एक फायबरचा मोजपट्टीदांडा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा विजेच्या तारेजवळ नेऊ नका. प्रत्येक खांबाची नोंद अशी: खांबाचा क्रमांक, मालक, वायरी किती, कोणत्या वायरीवर कुणाचं नाव आहे, खांबावर गुंडाळलेली वेटोळी आहेत का, बॉक्स किंवा नोड (पुढे सिग्नल वाटणारं यंत्र) आहे का, त्याला वीज कुठून आली आहे, आणि रस्ता ओलांडणाऱ्या वायरीची सगळ्यात खालची उंची. ही उंची दुपारी घ्या, शक्यतो एप्रिल-मे मध्ये. भुसावळच्या पंचेचाळीस डिग्रीत ओढतार, म्हणजे केबलला आधार देणारी लोखंडी तार, लांबते आणि झोळ वाढतो. जानेवारीच्या सकाळी मोजलेली उंची मे मध्ये खोटी ठरते.

वायरी इतक्या खाली का येतात याचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. लघुदाबाचा सिमेंटचा खांब साधारण ८ मीटरचा. त्याचा सहावा हिस्सा जमिनीत, म्हणजे वर राहिले साडेसहा मीटरच्या आसपास. वरच्या मीटरभरात विजेच्या तारा एकाखाली एक, शेवटी दिवाबत्तीची तार. त्याखाली सुरक्षित अंतर सोडलं की केबलला खांबावर पाच मीटरच्या आतबाहेर जागा मिळते. त्यातून दोन खांबांमधल्या चाळीस-पन्नास मीटरच्या अंतरात झोळ पडला की मधोमध साडेचार. उंच माल भरलेला ट्रक तिथे लागतो, कडब्याची ट्रॉली तर हमखास. वायर तुटते, केबलवाला दुसऱ्या दिवशी जॉइंट मारतो, जॉइंटमुळे झोळ आणखी वाढतो, पुन्हा तुटते. विजेच्या लघुदाब तारेला रस्ता ओलांडताना ५.८ मीटर उंची लागते. केबलला एवढी उंची ८ मीटरच्या खांबावर मिळूच शकत नाही. म्हणून मुख्य रस्ता ओलांडायला हवेतून परवानगी देऊ नका. तिथे पाइपमधून जमिनीखालून जाणं हाच उपाय. गल्लीत आडवी वायर चालेल.

रथाच्या मार्गाचं वेगळं. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रामरथ असो, पारोळ्याच्या बालाजीचा रथ असो, मार्गावरच्या आडव्या वायरी दरवर्षी ऐनवेळी उतरवल्या जातात आणि नंतर कशातरी परत बांधल्या जातात. तो मार्ग नकाशावर लाल करा आणि तिथे आडवी वायर कायमची बंद ठेवा. गणपती आणि कानबाईच्या मिरवणुकीच्या गल्ल्यांत किमान आकड्याची सोय असावी, म्हणजे वायर न तोडता उतरवता येते.

वायरीचा प्रकारही अटीत लिहा. जुन्या को-ॲक्स (धातूच्या गाभ्याच्या) केबलला आधार म्हणून लोखंडी ओढतार असते. वावधनात, म्हणजे मे-जूनच्या वादळात, विजेची तार तुटून त्या ओढतारेवर पडली की वीज घराघरातल्या बॉक्सपर्यंत जाते. जीव जाणारे अपघात असे होतात. विजेच्या खांबावरून जाणारी केबल पूर्ण धातूविरहित, स्वतःचा भार पेलणारी फायबर असावी, अशी अट घाला. वरचं आवरण काळ्या पॉलिथिनचं हवं. घरातली पीव्हीसीची पांढरी वायर बाहेर टाकली की आपल्या उन्हात लवकरच तडकते, पाणी आत जातं आणि 'चित्र फुटतंय' अशी तक्रार सुरू होते.

नोड आणि ॲम्प्लिफायरला वीज लागते. पाहणीत खांबावरचा बॉक्स थेट दिवाबत्तीच्या तारेला जोडलेला सापडला तर ती वीजचोरी आहे, विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ ची, आणि बिल पालिकेच्या दिवाबत्तीच्या मीटरवर चढतंय. संध्याकाळी दिवे लागल्यावरच चॅनेल नीट दिसतात, दिवसा गायब होतात अशी तक्रार गल्लीतून आली की बॉक्स तिथे जोडलाय असं समजा. हात लावू नका, महावितरणला बोलवा, पंचनामा त्यांच्यासमोर.

आता ठरावाची भाषा. मसुदा साधारण असा चालेल:

"केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) अधिनियम, १९९५ चे कलम ४ब आणि महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधील तरतुदींस अधीन राहून, नगरपरिषदेच्या मालकीच्या अथवा नियंत्रणाखालील रस्ते, खांब व इमारतींवरून केबल टाकण्यासाठी प्रत्येक ऑपरेटरने विहित नमुन्यात अर्ज करणे आवश्यक राहील. अर्जासोबत वैध नोंदणी प्रमाणपत्र, मार्गाचा नकाशा, खांबांची यादी व केबलचा प्रकार द्यावा. अस्तित्वातील केबलवर ऑपरेटरने या ठरावाच्या प्रसिद्धीपासून ३० दिवसांत आपले नाव व दूरध्वनी क्रमांक असलेली खूणपट्टी प्रत्येक तिसऱ्या खांबावर लावावी. खूणपट्टी नसलेली केबल बेवारस समजून, जाहीर सूचना देऊन व पंचनामा करून काढण्यात येईल. रस्ता पुनर्स्थापनेचा खर्च सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीनुसार आगाऊ भरावा लागेल."

'परवाना' हा शब्द त्यात कुठेही नाही, 'दर' हा शब्द फक्त दरसूचीत आहे. सेवा बंद करण्याचा उल्लेखही नाही.

तोडणीची पद्धत पाळली नाही तर बाकी सगळं पाण्यात. खूणपट्टीची मुदत संपली की लगेच कात्री घेऊन निघायचं नाही. स्थानिक वृत्तपत्रात आणि पालिकेच्या फलकावर खांबांच्या यादीसह सूचना द्या, ज्यांची नावं माहीत आहेत त्यांना पोच घेऊन नोटीस, निदान पंधरा दिवस. मग फोटो, पंचनामा, दोन पंच. काढलेली वायर वजन करून भांडारात जमा करा, भंगारात परस्पर जाऊ देऊ नका. तिथूनच आरोप सुरू होतात. महावितरणच्या खांबावरची असेल तर त्यांचा लाइनमन आणि लाइन बंद असल्याचा लेखी परमिट हातात आल्याशिवाय कुणीही खांबावर चढणार नाही. खूणपट्टी नसलेल्या वायरींत बहुतेक मेलेल्या निघतात, फायबर आल्यावर तशाच सोडलेल्या जुन्या को-ॲक्स. त्या काढल्या की अर्ध्या शहराचं जाळं एका हंगामात मोकळं होतं आणि एकाही घराचा टीव्ही बंद पडत नाही.

खोदकामावर थोडं जास्त लिहितो, कारण पालिकेचे पैसे तिथे बुडतात. तापीकाठची काळी कपाशीची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. चर खणून तीच माती परत लोटली तर पहिल्याच पावसात रस्ता खचतो. चर किमान एक मीटर खोल, आत एचडीपीई पाइप, वर इशारा पट्टी, मग मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुमसायचा, आणि वरचा थर जसा होता तसा: डांबराला डांबर, पेव्हरला पेव्हर. दर मीटरमागचा पुनर्स्थापनेचा खर्च डांबर, काँक्रीट आणि पेव्हर यांना वेगवेगळा लावा. अनामत रक्कम एक पावसाळा उलटल्यावरच परत द्या. १५ मे नंतर नवीन चराला परवानगी नको.

अलीकडे एक गुंता वाढलाय. त्याच फायबरवरून केबलवाला इंटरनेटही देतो. इंटरनेटचा परवाना कंपनीच्या नावाचा असतो आणि दूरसंचार (मार्गाधिकार) नियम, २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. त्या नियमांत शुल्क, मुदत, पोर्टल सगळं वेगळं आहे. अर्जातच विचारा: या फायबरमधून फक्त टीव्ही जातो की इंटरनेटही, आणि इंटरनेट कुणाच्या परवान्यावर? इंटरनेट असेल तर त्या कंपनीचा अर्ज त्या नियमांखाली वेगळा येऊ द्या. एकाच चराचे दोन अर्ज आणि दोन वेगळे शुल्क अशी पावती फाडली तर ती परत करावी लागते.

चॅनेलवर काय दाखवलं यावरच्या तक्रारी पालिकेत आल्या तर त्या स्वीकारून जिल्हास्तरीय सनियंत्रण समितीकडे पाठवा. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. लोकल चॅनेल, म्हणजे अहिराणी गाणी आणि दुकानांच्या जाहिराती दाखवणारे, एमएसओने मंत्रालयात नोंदवलेले असावे लागतात: चॅनेलमागे हजार रुपये, एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत, आणि रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं. निवडणुकीत कुणी तक्रार घेऊन आलं तर हे रेकॉर्डिंग वेळेत मागवा, नाहीतर नव्वद दिवसांनी ते पुसलेलं असतं.

सभेच्या तारखेआधी दोन कागद तयार ठेवा: पाहणीच्या वहीची गोषवारा पानं आणि महावितरणच्या उपविभागाला दिलेल्या पत्राची पोच. विषयपत्रिकेवर 'केबल नियंत्रण' असं न लिहिता 'पालिकेच्या मालमत्तेवरील केबल टाकण्याबाबत अटी' असं लिहा. आणि केबलवाल्यांना सभेआधी एकदा बोलवा. खूणपट्टीची अट त्यांनाही हवी असते, कारण एकमेकांच्या वायरी तोडण्याची भांडणं त्यांच्यातच जास्त.